मला पण घ्या ना! चालू खेळात शिरायला मुलांना कसं शिकवायचं

"बाई, हा कुणात मिसळतच नाही हो."

शाळा सुटल्यावर फाटकाशी थांबून हे सांगणारी आई मला दर वर्षी भेटते. कधी बाबा असतात, कधी आजी. मूल शेजारीच उभं असतं, दप्तराचा पट्टा चावत, सगळं ऐकत. माझं पहिलं सांगणं ठरलेलं आहे: हे वाक्य त्याच्यासमोर पुन्हा बोलू नका. "आमचा लाजाळू आहे", "आमची एकलकोंडी आहे" असं चार वेळा कानावर पडलं की मूल ते आडनावासारखं लावून घेतं.

दुसरं सांगणं लांबलचक आहे. फाटकाशी उभ्या उभ्या ते होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. मधल्या सुट्टीत पटांगणावर लक्ष ठेवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. तिथे उभं राहून माझं एक मत पक्कं झालंय. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्यातलं बरंचसं न येण्यामुळे अडलेलं असतं. आपण मुलाला "जा, खेळ जा" म्हणतो. पण दहा मुलांचा खेळ रंगात आलाय, त्यात आपण शिरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, पाय कुठे ठेवायचा, तोंडातून कुठलं वाक्य काढायचं, हे त्याला कुणी सांगत नाही. वाड्यात, चाळीत, गावच्या आळीत मोठी भावंडं हाताला धरून न्यायची, "हा कच्चा लिंबू हं" म्हणून सोडून द्यायची, आणि मूल बघता बघता शिकायचं. आता घरात एखाददुसरं मूल, फ्लॅटचं दार बंद, संध्याकाळी क्लास. ते मोठं भावंड व्हायचं काम आपल्यावर आलंय.

पुढच्या पायऱ्या साधारण पाच ते दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. त्याहून मोठ्यांबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त बघा

काही शिकवायच्या आधी सात दिवस नुसतं बघायचं. गॅलरीतून, बागेतल्या बाकावरून, जिथून मुलाला तुमची नजर जाणवणार नाही तिथून. आणि वहीत लिहायचं. तो कुठे उभा राहतो? खेळापासून किती पावलांवर? पहिलं वाक्य काय बोलतो? त्यावर बाकीचे काय करतात? "मिसळत नाही" एवढ्यावरून मला काहीच कळत नाही. "तीन वेळा गेला, तिन्ही वेळा जाऊन चेंडू हिसकावला, तिसऱ्यांदा हाकलला" असं लिहिलेलं असलं की पुढचा रस्ता दिसतो.

बघताना एक फरक ओळखायचा आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. १९८२ मध्ये जॉन कोई, केनेथ डॉज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना विचारलं होतं की वर्गातली कोण कोण मुलं तुम्हाला सगळ्यात जास्त आवडतात आणि कोण सगळ्यात कमी. काही मुलांची नावं दोन्ही याद्यांत जवळजवळ आलीच नाहीत. ती कुणाच्या लक्षातच नव्हती. काहींची नावं मात्र नावडत्यांच्या यादीत पुन्हा पुन्हा आली. लांबून बघितलं तर दोन्ही मुलं एकटीच दिसतात. पण पहिल्याला दिसायला शिकवायचंय, आणि दुसऱ्याला हात आवरायला. न दिसणाऱ्या मुलाला "जरा गप्प बस" आणि ढकलणाऱ्या मुलाला "जा, धीट हो" असं सांगितलं, तर दोघांचंही नुकसान होतं.

तिसरं एक मूल असतं. ते एकटं बसून मुंग्यांची रांग बघतं, चित्रं काढतं, आणि कुणी बोलावलं तर उठून जातंही, खेळून परत येतं. त्याला काही झालेलं नाही. त्याला सोडा.

एक गैरसमजही इथेच दूर करते. नुसतं बघत उभं राहणारं मूल वेळ वाया घालवत नसतं. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात बघत राहणं हाही एक वेगळा प्रकार तिने धरला आहे. त्याच्या पुढे शेजारी बसून आपापलं खेळणं येतं, मग देवाणघेवाण, आणि मग सगळ्यांचा मिळून एक खेळ. अडीच वर्षांची दोन मुलं एकाच वाळूच्या ढिगाशी पाठीला पाठ लावून खेळत असतील तर "एकत्र खेळा ना" म्हणून त्यांना सामोरं बसवायची काही गरज नसते.

दुसरी पायरी: वयाप्रमाणे अपेक्षा ठेवा

ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यात जास्त रागावणं इथेच वाया जातं. पाच वर्षांच्या मुलाचा मित्र म्हणजे आत्ता जो त्याच्याशी खेळतोय तो. उद्या दुसरा. त्याला "तू फितूर आहेस" म्हणू नका. आठ-नऊच्या वयात हिशेब सुरू होतो: मी तुला पट्टी दिली, तू मला खोडरबर दिलं नाहीस. बाराच्या सुमारास मैत्रीत गुपित येतं, आणि गुपित फुटलं की मोठं रडू येतं.

तुमच्या मुलाला दुसऱ्याच्या मनातलं कितपत कळतं हे बघायला घरी एक गोष्ट सांगून बघा. हाइंत्स विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये चॉकलेटची गोष्ट सांगून मुलांना हेच विचारलं होतं. आपण लाडवाची सांगू. चिंटूने लाडू पितळेच्या डब्यात ठेवला आणि तो खेळायला गेला. आईने तो काढून फडताळात ठेवला. चिंटू परत आला. तो लाडू कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुधा "फडताळात" म्हणतं, कारण त्याला स्वतःला ते माहीत आहे. चार-पाचच्या आसपास उत्तर बदलतं: "डब्यात, कारण त्याला कुठे माहितीये!" हे उत्तर यायच्या आधी "त्याला कसं वाटलं असेल याचा विचार कर" हे तुमचं वाक्य मुलाला फारसं पोचत नाही. तोवर "मारायचं नाही, हात खाली" एवढंच सांगावं.

तिसरी पायरी: तीच जागा, तीच वेळ, तीच दोन-तीन मुलं

मैत्रीला नेम लागतो. सोमवारी स्केटिंग, मंगळवारी अबॅकस, बुधवारी कीबोर्ड असं धावणारं मूल आठवड्यात चाळीस मुलांना भेटतं आणि त्यातलं कुणीच त्याचं होत नाही. त्यापेक्षा रोज सहा ते सात बिल्डिंगच्या खाली, त्याच चौघांबरोबर. एखादा क्लास बंद करावा लागला तर करा, असं मी स्पष्ट सांगते, आणि पालक नाराज झाले तरी सांगते.

मुलं जिथे आधीच आहेत तिथे आपण जायचं, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून रुजला. तुमच्या मुलाचं अंगण कुठलं ते शोधा. जिन्यातला कट्टा असेल, देवळामागची मोकळी जागा असेल, पार्किंगमधल्या दोन खांबांमधली फरशी असेल. बाग छान आहे म्हणून रिक्षाने लांब नेऊ नका. तिथली मुलं रोज वेगळी असतात.

चौथी पायरी: चालू खेळात शिरणं

सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर घालवा.

तिसरीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. वर्षाच्या मध्येच बदली होऊन आलेला. मधल्या सुट्टीत तो पाण्याच्या टाकीपाशी उभा राहायचा, हातात झाकण लावलेला डबा. मी पहिल्यांदा जे केलं ते चुकलं. लगोरी खेळणाऱ्या पोरांना मी ओरडून सांगितलं, "अरे, याला पण घ्या रे!" बाईंनी सांगितलं म्हणून त्यांनी घेतला. त्याला लांब कोपऱ्यात उभं केलं, अख्ख्या सुट्टीत चेंडू एकदाही त्याच्याकडे आला नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टाकीपाशी, आणि आता बाईंनी घुसवलेला मुलगा अशी त्याची ओळख झालेली.

मग मी दुसरा मार्ग धरला. त्याला म्हटलं, उद्यापासून टाकीपाशी नको, त्या उंबराच्या झाडाशी उभा राहा. लगोरीचा नेम चुकला की चेंडू तिकडेच जातो. दोन दिवस तो चेंडू उचलून, चालत चालत नेऊन हातात द्यायचा. तोवर खेळ थांबायचा आणि पोरं करवादायची, "टाक ना लवकर!" तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला चेंडू फेकता येत नाही. शाळा सुटल्यावर दहा-दहा मिनिटं आम्ही तेवढंच केलं, खांद्यावरून फेकणं. पुढच्या आठवड्यात एक भिडू तापाने आला नव्हता. लगोरी फोडणाऱ्याने झाडाकडे बघून हाक मारली, "ए, आमच्याकडून ये!" त्याचं नाव अजून कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी मुलांना हेच क्रमाने शिकवते.

आधी जवळ उभं राहायचं, खेळाची हद्द संपते तिथे. दोन-तीन मिनिटं नीट बघायचं: काय खेळतायत, राज्य कुणावर आहे, कुठल्या बाजूला भिडू कमी आहे. मग खेळाच्या उपयोगी पडायचं. चेंडू अडवायचा, पडलेल्या लगोऱ्या गोळा करून द्यायच्या, डबा ऐसपैसमधला डबा गटारीकडे घरंगळला तर आणून द्यायचा. मग बोलायचं, पण खेळातलंच बोलायचं: "बरोब्बर नेम!", "अरे, मागून येतोय!" एवढं.

मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ मध्ये शाळकरी मुलं चालू खेळात कशी शिरतात याचा अभ्यास केला. ज्यांना बाकीचे फारसं घेत नसत, ती मुलं गेल्या गेल्या प्रश्न विचारत, स्वतःबद्दल सांगत, किंवा खेळणाऱ्यांचं चुकतंय असं म्हणत. पटांगणावर मला अगदी हेच ऐकू येतं. "काय खेळताय?" "माझ्याकडे याच्यापेक्षा भारी बॅट आहे." "असं नसतं खेळायचं, आमच्या जुन्या शाळेत..." या तीन वाक्यांपैकी एक आलं की खेळ थांबतो, आणि खेळ थांबवणारा कुणालाच नको असतो. ही तीन वाक्यं मुलाला हसत हसत, नाटक करून दाखवा. त्याला लगेच कळतात.

आत यायचं विचारायचं ते डाव संपल्यावर. सगळ्या टोळीला न विचारता एकालाच विचारायचं, ओळखीचा असेल त्याला. आणि "मला घेता का?" असं विचारलं की "नाही" म्हणणं फार सोपं असतं. त्याऐवजी "पुढच्या डावाला मी कुणाकडून?" किंवा सगळ्यात भारी, "मी राज्य घेतो." नव्या भिडूवर राज्य हा पोरांचा जुना कायदाच आहे. आपणहून राज्य घेणाऱ्याला सहसा कुणी परत पाठवत नाही.

तरीही नकार येणार, आणि तो येणारच हे मुलाला आधी सांगून ठेवायचं. विल्यम कोर्सारो हे समाजशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या बालवाडीत मुलांबरोबर जमिनीवर बसून महिनोन् महिने त्यांचे खेळ बघत राहिले. नव्याने येऊ पाहणाऱ्यांचे पहिले प्रयत्न निम्म्याच्या आसपास फेटाळले जातात, असं त्यांना दिसलं. त्यांनी दिलेलं कारण मला फार पटतं: मुलं आपला रंगात आलेला खेळ जपत असतात. कुणी मध्ये आलं की तो मोडतो हे त्यांनी अनुभवलेलं असतं. म्हणजे "नाही" हे बहुधा त्या मुलाला नसतं, मध्ये येण्याला असतं. म्हणून शिकवायचं ते असं: नाही म्हणाले, तर रडायचं नाही, बाईंकडे यायचं नाही, "बरं" म्हणून तिथेच उभं राहायचं आणि पुढच्या डावाला पुन्हा विचारायचं. तीनदा.

याची तालीम घरी करा. बाबा, आजी आणि ताई मिळून बाटल्यांच्या बुचांची लगोरी लावा, मोज्यांचा चेंडू करा. मुलाने दारातून यायचं आणि आत शिरायचं. मोठ्यांनी एकदा तरी "नाही, आत्ता नाही" म्हणायचं, जरा रुक्षपणे. आजीला हे जड जातं, पण म्हणायला लावा. घरात ऐकलेला नकार बाहेर कमी लागतो.

कच्चा लिंबू ही आपल्या खेळांतली गोष्ट मला फार मोलाची वाटते. लहान आहे, धावता येत नाही, नियम कळत नाहीत, तरी खेळात आहे. आउट झाला तरी राज्य नाही. शाळेत मी हा शब्द मुद्दाम जिवंत ठेवलाय, पायाला त्रास असलेल्या मुलीसाठी, धाकट्या भावासाठी. फक्त त्याला मुदत हवी. महिनाभर कच्चा लिंबू राहिलेलं मूल आपण मोजलेच जात नाही हे ओळखतं. मग मी पोरांनाच विचारते, "हिला पक्कं कधी करायचं?" ते तारीख देतात आणि पाळतातही.

पाचवी पायरी: राज्य घेणं आणि हरणं

आत घेतलं जाणं एक, आत टिकणं दुसरं. राज्य आलं की "मला तहान लागली" म्हणून पळणारं मूल, आउट झाल्यावर "टाइमप्लीज होतं माझं" म्हणणारं मूल आठवड्याभरात बाहेर पडतं. रडीचा डाव खडी, चिडका बिब्बा ही पोरांची विशेषणं कठोर आहेत, पण त्यामागचा नियम न्यायाचा आहे.

घरी तुम्ही त्याला प्रत्येक वेळी जिंकू देत असाल तर ते आज थांबवा. सापशिडी, कॅरम, पत्ते, काहीही. पाच डावांतले दोन-तीन त्याने खरोखर हरले पाहिजेत. हरल्यावर म्हणायचं वाक्य आधी ठरवून ठेवा. आमच्या वर्गात ते "बरं, पुढचा डाव" असं आहे. तुम्ही हरलात की तुम्हीही तेच म्हणा. आणि आउट झालेल्या मुलाला काम द्या: गुण मोजणं, रेघ आखणं, पंच होणं. रिकामं बसलं की राग वाढतो.

ज्या मुलाचा हात आणि तोंड दोन्ही आधी चालतात, त्याला खो-खोला घाला. आठ गडी पाटीवर एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसलेले, नववा धावतोय, आणि पाठीवर खो मिळेपर्यंत उठायचं नाही. थांबणं शिकवणारा याच्याइतका चांगला खेळ मला माहीत नाही.

सहावी पायरी: भांडणात कधी पडायचं, कधी नाही

तिसऱ्या मजल्यावरून "कोण मारतंय रे माझ्या बाळाला?" अशी हाक आली की खालचा खेळ थंड होतो. त्या दिवसानंतर त्या मुलाला कुणी मारत नाही, कुणी घेतही नाही. साध्या भांडणात पडू नका. मुलांची कट्टी संध्याकाळी होते आणि सकाळी शाळेच्या रिक्षात बट्टीही होते. आईबाबांची कट्टी मात्र सोसायटीच्या ग्रुपवर वर्षभर टिकते, हे मी फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय.

मूल रडत घरी आलं की आधी पाणी द्या, बसवा, जवळ घ्या. मग विचारायचं, याच क्रमाने आणि सावकाश. काय झालं? त्याच्या आधी काय झालं? (बहुतेक वेळा खरी गोष्ट इथे असते.) त्याला काय हवं होतं? तुला काय हवं होतं? उद्या भेटलास की पहिलं काय म्हणशील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच तोंडून आलं पाहिजे, तुम्ही पुरवायचं नाही.

"त्याने मुद्दाम केलं!" हे वाक्य वरचेवर येत असेल तर त्याच्यावर वेगळं काम करा. केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये दाखवलं की, जे झालं ते मुद्दाम की चुकून हे स्पष्ट नसतं तेव्हा मारकुटी मुलं ते मुद्दाम केलंय असंच धरून चालतात, आणि मग परत मारतात. रात्री जेवताना आमच्या ओळखीतल्या काही घरी एक खेळ चालतो. एकाने प्रसंग सांगायचा: रांगेत मागून धक्का बसला. बाकीच्यांनी तीन कारणं सांगायची. त्याला पण मागून कुणी ढकललं असेल. दप्तर जड होऊन तोल गेला असेल. किंवा हो, मुद्दामही केलं असेल. तिसरं कारण खोडून काढायचं नाही. फक्त ते एकमेव राहू द्यायचं नाही.

"सॉरी म्हण" असा धाक घालून वदवून घेतलेल्या सॉरीला मुलांच्या जगात किंमत नाही. मोडलं ते दुरुस्त करायला लावा. पतंग फाडला? भाताच्या शिताने दोघं मिळून चिकटवा. वही भिजवली? बसून पानं उतरवून दे.

आता जिथे पडायचंच ते. अनेकांनी मिळून एकालाच रोज धरलं असेल, डबा किंवा पैसे काढून घेतले जात असतील, इजा झाली असेल, किंवा जातीवरून, रंगावरून, अंगावरून, बोलण्यातल्या अडखळण्यावरून चिडवलं जात असेल, तर ते भांडण राहिलेलं नाही. "तू पण दोन ठेवून दे" हा सल्ला देऊ नका, "लक्ष देऊ नकोस" हाही नको. तारीख, जागा, कोण होतं, काय म्हणालं हे लिहून काढा आणि दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना लेखी द्या. तोंडी सांगितलेलं आम्ही गडबडीत विसरू शकतो. कागद विसरता येत नाही. आणि तुमचंच मूल त्रास देणाऱ्यांत असेल, तर शाळेचं बोलावणं येईल तेव्हा आधी ऐकून घ्या. "आमचा असं करूच शकत नाही" या वाक्याने दोन मुलांचं नुकसान होतं, त्यातलं एक तुमचं असतं.

सातवी पायरी: घरी बोलवा

एकालाच बोलवा. तिघं झाले की दोघं एक होतात आणि तिसरा रडतो, हे ठरलेलं. दीड तास पुरे. मुलाला जी खेळणी कुणाला द्यायची नाहीत ती आधीच कपाटात ठेवू द्या, उरलेली सगळ्यांची. टीव्ही आणि फोन बंद. काहीतरी हाताने करायचं ठेवा: भेळ कालवणं, आकाशकंदील, दिवाळीत अंगणातला किल्ला. किल्ल्याला माती कालवणारा एक आणि मावळे लावणारा एक लागतोच, त्यामुळे बोलणं आपोआप होतं. तुम्ही स्वयंपाकघरात थांबा आणि कान उघडे ठेवा. खेळ रंगात असतानाच संपवा, म्हणजे पुन्हा यावंसं वाटतं.

रात्री "आज कोण मित्र झाला?" असं विचारू नका, ते परीक्षेसारखं लागतं. "डबा कुणाच्या शेजारी बसून खाल्लास?" विचारा. उत्तर आलं की लगेच दुसरा प्रश्न नको.

दहा-अकराच्या पुढे

इथून पुढे तुम्ही खेळ मांडून देऊ शकत नाही. मुलं स्वतःची माणसं निवडतात, आणि दुखणंही वेगळं होतं. ढकलाढकली कमी होते, वगळणं वाढतं. वाढदिवसाला सगळ्यांना बोलावलं आणि हिला नाही. व्हॉट्सॲपवर वर्गाचा एक ग्रुप, आणि हिला सोडून दुसरा. असं झालं की "त्यात काय एवढं, अभ्यास कर" म्हणू नका. त्या वयात ते एवढंच असतं. "वाईट वाटण्यासारखंच आहे हे" म्हणा आणि शेजारी बसून राहा. मुलं समोरासमोर बसून कमी बोलतात. स्कूटरवर मागे बसून, भाजी निवडताना, रात्री दिवा मालवल्यावर जास्त बोलतात.

शाळेबाहेर एक दुसरी टोळी असू द्या: ढोल-ताशा पथक, ट्रेकचा ग्रुप, सेवा दलाची शाखा, नाटकाची तालीम, कबड्डीचा संघ, मामाच्या गावची भावंडं. एकीकडचं दार बंद झालं तर दुसरीकडे आपलं नाव घेऊन हाक मारणारं कुणीतरी असतं, याने मूल तगतं.

फोनबद्दल मी तीनच गोष्टी पाळायला सांगते. रागात लिहिलेलं सकाळपर्यंत पाठवायचं नाही. दुसऱ्याचा फोटो किंवा त्याने सांगितलेलं गुपित पुढे ढकलायचं नाही, त्याचा स्क्रीनशॉट काढायचा नाही. आणि कुणी धमकावलं, फोटो मागितला, तर आम्हाला सांग, फोन काढून घेतला जाणार नाही. हे तिसरं वचन पाळायला फार कठीण आहे. पण फोन जाईल या भीतीने मुलं गप्प राहतात, म्हणून ते पाळाच.

मदत कधी घ्यायची

मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही दाखवत नसेल, नजरेला नजर देत नसेल, शिकलेले शब्द मागे पडले असतील, तर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणी मोफत होते. अंगणवाडीताई किंवा आशाताई तिथली वाट सांगू शकतात. एकदा कान आणि डोळेही तपासून घ्या. ऐकू कमी येणारं मूल पटांगणावर अगदी लाजाळू मुलासारखंच दिसतं.

मोठं मूल अनेक आठवडे शाळेला जायचं टाळत असेल, सकाळी पोट दुखत असेल आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल, झोप किंवा जेवण बदललं असेल, "मी नसतो तर बरं" असं काही बोललं असेल, तर त्याच दिवशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठीचा १०९८ हाही चोवीस तास आहे, मूल स्वतः फोन करू शकतं. दोन्ही क्रमांक फ्रिजवर लावा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाताना पहिल्या पायरीतली ती वही बरोबर न्या. आठवड्याभराच्या त्या नोंदी तिथल्या पहिल्या अर्ध्या तासात फार उपयोगी पडतात.